बोटीचा कॅम पाणी ठरवतं

डेट्रॉईटच्या आसपास बोट असणं ही काही श्रीमंतीची खूण नाही. लेक सेंट क्लेअरच्या काठची गावंच तशी आहेत. थोडं वर गेलं की अल्गोनॅक लागतं. बोटी बांधणारी क्रिस-क्राफ्ट कंपनी तिथलीच, गार वूडच्या शर्यतीच्या बोटीही तिथल्याच. या पट्ट्यात जुन्या व्ही-एट इंजिनांच्या बोटी अजून भरपूर आहेत, आणि ती इंजिनं उतरवून पुन्हा बांधणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकन. पण गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीला आलेली मराठी मुलंही हल्ली जुन्या बोटी घेतात, आणि इंजिन उघडायची वेळ आली की विचारतात, "काका, रोलर कॅम टाकला तर किती हॉर्सपॉवर वाढेल?"

प्रश्न चुकीचा नाही, पण तो गाडीवाल्याचा आहे. बोटीसाठी कॅम निवडताना मी हॉर्सपॉवर शेवटी बघतो. आधी बघतो पाणी : इंजिन थंड करायला येणारं, एक्झॉस्टमधून बाहेर पडणारं, आणि हिवाळाभर हवेतून आत शिरून लोखंडावर बसणारं.

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याच्यावरचा उंचवटा, म्हणजे लोब, टॅपेटला वर ढकलतो. रोलर कॅमच्या टॅपेटला तळाशी चाक असतं, जुन्या फ्लॅट टॅपेटला ते नसतं. पण फ्लॅट टॅपेटचा तळही अगदी सपाट नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याला किंचित फुगवटा असतो. तिकडे कॅमचा लोबही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो, इंचाच्या एक-दोन हजारांश भागाइतका. त्यामुळे लोबने टॅपेट वर ढकलला की तो आपल्या भोकात थोडा फिरतोही. म्हणजे घासणारी जागा सतत बदलते आणि झीज सगळ्या तळावर वाटली जाते. दोन नवे टॅपेट तळाला तळ लावून उजेडाकडे धरा, ते जरासे डुलले पाहिजेत. डुलले नाहीत तर ते मी परत पाठवतो. जो टॅपेट फिरत नाही तो एकाच रेषेत लोब खात जातो. मग इंजिन कार्ब्युरेटरमधून खोकायला लागतं आणि ऑइलमध्ये काळी चमचमती पूड दिसते. वर्षानुवर्षं निमूट चालणारी ही जोडी फार साधी आणि फार हुशार आहे. मला ती मनापासून आवडते.

पण तिचं नशीब पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. नवा कॅम बसवला की लोबांवर मॉलीची पेस्ट लावायची, इंजिन झटक्यात सुरू करायचं आणि वीस ते तीस मिनिटं मिनिटाला दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर ठेवायचं. स्लोवर मुळीच सोडायचं नाही. कॅमला लागणारं बरंचसं ऑइल क्रँकवरून उडून येतं आणि स्लोवर ते पुरेसं उडत नाही. गाडीत हे सोपं आहे. रेडिएटर भरला, पंखा फिरतोय, उभं राहून घड्याळ बघायचं. बोटीतल्या इंजिनाला मात्र सरोवराचं पाणी लागतं. ट्रेलरवर असताना ड्राइव्हला बागेचा पाइप लावून अर्धा तास अडीच हजारांवर ठेवणं म्हणजे पाण्याच्या पंपातल्या इम्पेलरची आणि मॅनिफोल्डची परीक्षा घेणं. त्या वेगाला पंप ओढतो तेवढं पाणी तो पाइप देईलच असं नाही. इंजिन तापलं म्हणून बंद केलं, थंड होऊ दिलं, परत सुरू केलं, तर तोवर एखादा लोब कामातून गेलेला असतो. म्हणून फ्लॅट कॅमचं इंजिन मी बोटीत बसवण्याआधी स्टँडवर चालवतो. स्टँड नसेल तर बोट पाण्यात उतरवून धक्क्याला घट्ट बांधून, न्यूट्रलमध्ये.

ऑइलचंही दुखणं आहे. फ्लॅट टॅपेटला झिंक आणि फॉस्फरसचं रसायन जगवतं. तेच फॉस्फरस गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतं, म्हणून ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआयच्या 2004 च्या एसएम दर्जात पातळ ऑइलांसाठी त्याची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आली. जुन्या बोटीला कन्व्हर्टर नाहीच, तरी मालक दुकानातून गाडीचंच ऑइल आणून ओततो. रोलरला त्याचं फारसं काही वाटत नाही, फ्लॅटला वाटतं.

आता एक्झॉस्ट. बोटीत इंजिन थंड करून आलेलं पाणी एक्झॉस्टच्या रायझरपाशी धुरात सोडलेलं असतं. कॅम असा असेल की इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात, तर स्लोवर इनटेकची ओढ एक्झॉस्टपर्यंत पोचते आणि धुराबरोबर पाण्याचे थेंब उलटे सिलिंडरकडे येतात. आधी व्हॉल्व्हच्या सीटवर गंज धरतो. पाणी जास्त झालं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. रस्त्यावर गुडगुडणारा, दणकेबाज कॅम गाडीला शोभतो, बोट मात्र तो बुडवतो.

रोलरची खरी कमाई मला इथे दिसते. फ्लॅट टॅपेटच्या तळाच्या रुंदीवर बंधन असतं. शेव्हरोलेत तो व्यास 0.842 इंच आहे. लोबचा चढ त्या रुंदीला पेलेल त्याहून उभा केला की तळाची कडच लोबमध्ये रुतते. चाकाला ती अडचण नाही. व्हॉल्व्ह पटकन उघडतो, पटकन मिटतो, आणि मधला वेळ पुरता उघडा राहतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ न वाढवता हवा जास्त मिळते. इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांमधलं अंतर, म्हणजे लोब सेपरेशन, 112 ते 114 अंशांत ठेवलं की पाणी आपल्या जागी राहतं. बोट म्हणजे कायम घाट चढणारी गाडी, तिला उतार कधीच मिळत नाही. तीन-साडेतीन हजारांवर तासन् तास ओढणाऱ्या इंजिनाला ही जादा हवा खरोखर उपयोगी पडते.

म्हणून रोलरला डोळे मिटून हो म्हणायचं का? नाही. रोलरचा टॅपेट जड असतो, त्याला स्प्रिंग ताठ लागते. लाटेवरून बोट उडून प्रोपेलर हवेत आला की इंजिन एकदम सुटतं, आणि स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो. चाकाच्या बेअरिंगमधल्या बारीक सुया हे दुसरं दुखणं. फ्लॅटचा लोब हळूहळू मरतो, निदान ऑइलमधून इशारा देतो. रोलरचं चाक धरलं तर सुया सुटून इंजिनभर फिरतात. शिवाय ऑक्टोबरात बोट बाहेर काढली की वसंतापर्यंत ती तशीच पडून असते, आणि दमट हवेत गंज सुयांनाही धरतो, लोबांनाही. इंजिनात गंज रोखणारं फॉगिंग ऑइल न मारता बोट ठेवणाऱ्याने कुठलाही कॅम घेतला तरी फरक पडत नाही. आणि मासे धरायला तासन् तास स्लोवर फिरणाऱ्या, म्हणजे ऑइल कमी उडणाऱ्या बोटीत सॉलिड (हायड्रॉलिक नसलेला) रोलर मी बसवत नाही, कितीही पैसे दिले तरी.

मग ब्लॉकचा प्रश्न. फोर्डने 1985 च्या मस्टँगला कारखान्यातूनच रोलर दिला, शेव्हरोलेने 1987 मध्ये गाड्यांच्या स्मॉल ब्लॉकला. बोटींचे ब्लॉक मात्र बहुधा ट्रकच्या वाटेने गेले, आणि ट्रकला रोलर मिळाला तो नव्वदीच्या दशकाच्या मध्याला, 1996 च्या व्होर्टेक इंजिनाबरोबर. मधल्या वर्षांतले काही ब्लॉक रोलरच्या तयारीचे ओतलेले आहेत, पण भोकं पाडलेली नाहीत. त्याआधीच्या ब्लॉकमध्ये दोन-दोन टॅपेट पट्टीने जोडलेले रेट्रोफिट लागतात, पुशरॉड आखूड लागतात, आणि रोलर कॅमचे लोब उतरते नसल्यामुळे कॅम पुढे सरकू नये म्हणून त्याला अडवावं लागतं. कॅम स्टीलचा असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअरही बदला, नाहीतर साधा लोखंडी गिअर झिजून जातो. कॅमच्या किमतीत यातलं काहीच धरलेलं नसतं. जोडीच्या इनबोर्ड इंजिनांत एक उलट फिरणारं असेल तर त्याची फायरिंग ऑर्डर वेगळी, कॅमही वेगळा. तो रोलरमध्ये शोधत बसण्यापेक्षा फ्लॅट परवडतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो ते असं. चालू फ्लॅट कॅमला फॅशनपायी हात लावू नका, त्याला झिंकचं ऑइल द्या. कॅम गेला असेल आणि ब्लॉक तयारीचा असेल तर सौम्य हायड्रॉलिक रोलर टाका. ब्लॉक जुना असेल तर फ्लॅटच टाका, पण जुने टॅपेट नव्या कॅमवर चढवू नका. आणि ऑर्डर देण्याआधी इनटेक मॅनिफोल्ड काढून टॅपेटच्या खाचेत बॅटरी मारून बघा : मधल्या उंचवट्यांना आटे पाडलेले आहेत की नाहीत, यावर तुमचं अर्ध्याहून जास्त बिल ठरतं.