नागपुरात अंजीर: काही टिपणं

नवतप्याचं ऊन अंजिराचं झाड सोसून जातं. बुडाशी ओल असली म्हणजे झालं. फळाला मात्र ते सोसत नाही. पारा ४५ अंशांकडे सरकला की अर्धं वाढलेलं फळ चिवट होतं, आत गर भरत नाही आणि देठाशी वाळून गळून पडतं. म्हणून इथे अंजीर लावायचं तर सगळं गणित उलटीकडून मांडावं: शेवटचं फळ मार्चअखेर झाडावरून उतरलंच पाहिजे.

•

अंजीर म्हटलं की आपण पुरंदरकडे पाहतो, आणि ते बरोबरच आहे. सासवड, दिवे, सोनोरीच्या परिसरातल्या या फळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जाधववाडीला राहुरी विद्यापीठाचं अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्रही आहे. पण तिथलं वेळापत्रक जसंच्या तसं इकडे आणलं तर पस्तावायची वेळ येते. पुरंदर पर्जन्यछायेतलं, जमीन मुरमाड, पाणी ठरतच नाही. तिथे खट्टा बहार पावसाळ्याच्या तोंडाशी धरतात, फळ हिवाळ्यात येतं. मीठा बहार पावसाळा सरताना धरतात, त्याचं फळ उन्हाळ्यात. गोडी याचीच जास्त.

नागपुरात पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर. खट्टा बहार धरला की कोवळा पाला नेमका भर पावसात येतो आणि तांबेरा त्याच्यावर तुटून पडतो. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी पुटकुळ्या, बोट फिरवलं की गंजासारखी भुकटी बोटाला लागते, आणि बघता बघता झाड उघडं पडतं. मीठा बहार धरला तर शेवटची तोडणी उन्हात सापडते. माझं मत असं की इथे मिठ्या बहारालाच थोडं अलीकडे ओढावं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छाटणी, तिथून साधारण साडेचार महिने, म्हणजे फळ फेब्रुवारीच्या मध्यापासून. परतीचा पाऊस लांबला तर पहिल्या पालवीवर एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) फवारावंच लागतं.

•

काटोलकडचे संत्रा बागायतदार हे पटकन समजतात. आंबिया आणि मृग बहार धरण्यात त्यांची हयात गेलेली. एका काकांना अंजिराचं सांगत होतो, तर म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच ना भाऊ. ताण द्या, मग पाणी सोडा.” तत्त्व तेच. अडचण एवढीच की अंजिराचा ताण इथे भादव्यात येतो आणि भारी काळ्या जमिनीत तेव्हा तोडायला पाणी आपल्या हातात नसतं. त्यावर उपाय लागवडीच्या वेळीच करून ठेवावा: उंच वरंबा, मातीत भरपूर मुरूम, आणि पाणी निघून जायला दोन्ही बाजूंनी चर. बरड जमीन असेल तर अंजिरासाठी तीच आधी निवडावी. कापसाची माती अंजिराला मानवत नाही, मुळं कुजतात.

•

खाचा पाडण्याचं काम पाहण्यासारखं असतं. अंजिराची फांदी शेंड्याकडेच धावते. खालचे डोळे झोपलेले राहतात. पुणे भागातले जुने बागायतदार पक्व फांदीवरच्या डोळ्याच्या नेमकं वर धारदार चाकूने तिरकी खाच घेतात, सालीसकट लाकडाचा पातळ पापुद्रा उडवतात. पांढरा चीक भळकन येतो. पुढे त्या डोळ्यातून फूट निघते, आणि नव्या फुटीवर जिथे पान तिथे फळ. घरच्या झाडावर चार-पाच फांद्यांवर करून बघावं, सरसकट नको.

•

“अंजिरात किडे असतात का हो?” हा प्रश्न दर वेळी येतोच, आणि शाकाहारी माणसाने तो विचारणं रास्त आहे. उंबर फोडलं की बारीक चिलटं उडतात. फुलं फळाच्या आत असतात आणि परागीभवन तीच करतात. अंजिराच्या तुर्की स्मर्ना प्रकारालाही असाच गांधीलमाशीच्या जातीतला इवला कीटक लागतो. आपल्याकडचं पुना अंजीर त्याच्यावाचूनच फळतं. तेव्हा झाडाचं ताजं फळ निःशंक खावं. फक्त उघडून खावं, कारण पिकल्यावर बुडाचा डोळा मोकळा होतो आणि मुंग्या आत शिरतात.

•

तोडणी. अंजीर तोडल्यावर पिकत नाही; आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही. झाडावर असताना फळ देठाशी वाकतं, हिरवा रंग जांभळट-तांबूस होतो, सालीवर बारीक उभ्या भेगा दिसतात, दाबलं की मऊ लागतं. तेव्हाच घ्यावं, आणि सकाळी लवकर, देठासकट. हाताला चीक लागू देऊ नये. खाज सुटते, कातडी सोलवटते. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून तोडणी करणारे उगाच करत नाहीत. फळ एकावर एक रचू नये. पाटीत अंजिराचीच पानं अंथरून एक थर लावावा.

बुलबुल आणि कोकिळा तुमच्याआधी उठतात. जाळी हवीच.

•

इतवारीच्या किराणा ओळीत दोरीत ओवलेलं सुकं अंजीर मिळतं, ते बहुतेक अफगाणिस्तानातून आलेलं. आपलं अंजीर तसं सुकवायला फारसं कामाचं नाही, त्यात साखर कमी आणि पाणी जास्त. ते ताजंच खायचं फळ. आणि ताजं म्हणजे एक-दोन दिवसांचं. पुरंदरहून सातशेच्या वर किलोमीटर येईपर्यंत त्याचा लगदा व्हायचा, म्हणून व्यापारी कच्चं उतरवतात आणि ते बेचव लागतं. नागपूरकराला अंजिराची खरी चव हवी असेल तर झाड नागपुरातच लागलं पाहिजे. एवढ्यासाठी तरी मी ज्याच्या अंगणात मुरमाची जागा दिसेल त्याच्या मागे लागतो.

•

छाटणीच्या काड्या टाकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी घ्यावी. चीक वाळू द्यावा, दोन डोळे मातीत जातील अशी पिशवीत लावावी आणि सावलीत ठेवावी. मुळं धरली तरी पहिला उन्हाळा हिरव्या नेटखालीच काढू द्यावा. खोडाला चुना लावावा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हाने साल तडकते आणि तिथून खोडकिडा शिरतो. मोकळ्या जमिनीत पुढच्या पावसाळ्यात.