मनीची मेढ

गेल्या १४ एप्रिलच्या आठ दिवस आधी आमच्या घरात पहिल्यांदा सोफा आला. आजवर आमच्याकडे पाहुणा आला की तो सतरंजीवर नाहीतर लोखंडी पेटीवर बसायचा. हा सोफा माझ्या पत्नीने दोन वर्षे भिशी भरून घेतला. पहिल्या दिवशी तिने त्यावर कुणाला बसू दिले नाही. स्वतःही ती खालीच बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सोफ्याच्या डाव्या हातावरचे कापड चिरलेले, दोरे लोंबत असलेले. काम आमच्या मनीचे. खोलीत उंदीर फार झाले म्हणून दोन पावसाळ्यांपूर्वी मीच तिला पिल्लू असताना आणली होती.

मग आमचे उपाय सुरू झाले. ओरडून पाहिले, छडी दाखवली. सोफ्याखाली डांबराच्या गोळ्या टाकल्या. मनी दिवसा माळ्यावर लपायची आणि रात्री आम्ही झोपलो की नखे चालवायची. एकदा तिला कोंडीत पकडताना मुलीच्या हातावर ओरखडा उठला. नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने हात धुतला आणि मुलीला तडक दवाखान्यात नेऊन रेबीजची लस सुरू केली. त्या रात्री पत्नी म्हणाली, "अहो, आता घरात सोफा तरी राहील, नाहीतर मांजर तरी."

तिचे चुकत नव्हते. रविवारी मी पोते झटकले. मनीला मच्छी मार्केटजवळ सोडायचे, तिथे तिला खायला मिळेल, अशी मनाची समजूत घातली. मुलगी कोपऱ्यात रडत होती. तेवढ्यात आई म्हणाली, "पोत्यात घालून कुठं नेतूस रं तिला?"

आई १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आली. तिची झोपडी दोनदा तोडली गेली. ती म्हणाली, "घराबाहेर काढलं म्हंजी काय हुतं, ते मला इचार. गावाकडं मांजरं घरातल्या मेढीला नखं घासायची. हितं मेढ कुठं हाय? तुमीच तिला मेढ आणून दिली, ती बी गादीची!"

मेढ म्हणजे गावच्या घराचा लाकडी खांब. आईचे बोलणे मला चांगलेच लागले. झोपडी तोडण्याआधी पर्यायी जागा द्या, हे अर्ज मी वस्तीसाठी किती वेळा लिहिले असतील. आणि घरात मात्र मीच नोटीस न देता कारवाईला निघालो होतो! पोते घडी करून ठेवले.

दुसऱ्या शनिवारी मनीला टोपलीत घालून परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी डांबराच्या गोळ्या फेकायला सांगितल्या. त्या मांजराला विषासारख्या असतात. मग त्यांनी समजावले, नखे घासणे ही मांजराची खोड नव्हे, गरज आहे. नखावरचे जुने टरफल त्याने निघते, अंग ताणले जाते. पंजाच्या तळव्यात गंधाच्या ग्रंथी असतात, त्यांचा वास लावून मांजर आपली जागा ठरवते. म्हणून मारून ही सवय जात नाही. मांजर फक्त माणसाला भिऊ लागते.

वाचकहो, आम्ही जे केले ते कुणालाही घरी करता येईल. वखारीतून तीन फुटांचा जाड वासा आणला. मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणता आले पाहिजे, एवढी उंची हवी. वासा दीड फुटाच्या जड फळीवर खिळ्यांनी घट्ट बसवला, कारण खांब एकदा जरी डुगडुगला तरी मांजर पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. त्याच्यावर काथ्याची दोरी गच्च गुंडाळली. सारा खर्च दोनशे रुपयांच्या आत. बी.कॉम. झाल्यामुळे जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही!

पहिली चूक म्हणजे मेढ दाराआड ठेवली. मनीने ढुंकून पाहिले नाही. मग ती सोफ्याच्या फाटलेल्या हाताला लागूनच ठेवली आणि सोफ्यावर जाड चादर घट्ट खोचली. दोरीला थोडी सुकट चोळली. मांजर झोपून उठले की आधी अंग ताणते, म्हणून त्या वेळी मुलगी मेढीवर सुतळी हलवून तिला खेळवायची. मनीने तिथे नखे लावली की सुकटीचा तुकडा द्यायचा, सोफ्याकडे वळली तर न ओरडता उचलून मेढीजवळ ठेवायची. तीन आठवड्यांत ती आपणहून मेढीकडे जाऊ लागली.

दर दोन-तीन आठवड्यांनी आम्ही तिच्या नखांची टोके कापतो. फक्त पांढरे टोक कापायचे. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथे कात्री लावायची नाही. नखे कायमची काढून टाकावीत असे कुणी सुचवले तर ऐकू नका. त्यात प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. आणि पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे मला त्या रविवारी ठाऊक नव्हते.

सोफ्याच्या हातावर पत्नीने आईच्या जुन्या लुगड्याचे ठिगळ शिवले आहे. परवा मीटिंगला आलेल्या एका कार्यकर्त्याने मेढीकडे बोट करून विचारले, "हे काय?" मी काही बोलण्याआधी पत्नीच म्हणाली, "आमच्या मनीची पर्यायी जागा."