शाळेचा रकाना

गेल्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा घरातून पळाला. बापाच्या आठवड्याच्या पगारातली पाचशेची नोट त्याच्या हातून हरवली. मार बसेल या भीतीने तो मालेगावहून मनमाडला गेला आणि स्टेशनवर पोलिसांना सापडला. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, तिथून बालगृहात. कायदाच तसा आहे.

काही दिवसांनी शाळेत कागद आला. मूल समितीपुढे आलं की त्याच्या घराची, शेजाराची, शाळेची चौकशी होते आणि पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. शाळेचा रकाना मला भरायचा होता. मधली सुट्टी चालू होती, हातात चहा होता. मी लिहिलं : 'पालक सहकार्य करत नाहीत. एकाही पालकसभेला हजर नाहीत.' यात खोटं काहीच नव्हतं. बी.एड.ला पालक-शिक्षक सहकार्यावर मी मोठं उत्तर लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

मग त्याची अम्मी शाळेच्या दारात आली. "टीचर, आप साथ चलो. वो लोग मराठी में पूछते, मेरेको जवाब नहीं सूझता."

जिल्ह्याचं ठिकाण शंभरेक किलोमीटर. नवऱ्याची लूमवर बारा तासांची पाळी, खाडा झाला की मजुरी गेली. ती स्वतः घरी कांड्या भरते. एस.टी.त जर्द्याचा डबा मांडीवर धरून बसली होती, स्वतः मात्र सकाळपासून उपाशी. दोन तासांत तिने एकच प्रश्न चार वेळा विचारला : मुलाला परत देतील ना?

समितीच्या टेबलामागे तिघंजण होते. मधल्या बाई फार सौम्य बोलत होत्या. अहवाल वाचता वाचता माझं वाक्य आलं. अम्मीने माझ्याकडे पाहिलं. "क्या बोले?"

मी भाषांतर करायला आले होते. मी उर्दूत सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते मीच लिहिलंय.

ती रागावली नाही. "आप कभी घर आए नहीं ना, टीचर," एवढंच म्हणाली.

आमच्या पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. लूम बंद असतात जुम्म्याला. मालेगावात जन्मलेल्या मला हे कुणी सांगायला हवं होतं का?

२०१५ चा बालन्याय कायदा मी नंतर वाचला. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, त्याला घरी परत नेणं हा मुख्य हेतू, असं त्यात स्पष्ट आहे. पण परत न्यायचं ते घर या सगळ्यात सामील व्हायला हवं, आणि आपल्या मोहल्ल्यात समितीचा कागद आला की लोकांना पोलीस ठाणंच आठवतं. चौकशीला कुणी आलं तर दार अर्धंच उघडतं. त्या अर्ध्या दारातून जेवढं दिसतं तेवढं अहवालात जातं. बालगृहात भेटायला जायची मुभा आहे हेसुद्धा या बाईला माहीत नव्हतं. जाऊन जास्त बोललो तर मुलगा कायमचा जाईल, असं तिला वाटत होतं.

समितीसमोर मी म्हटलं, माझा शेरा अपुरा आहे. त्यांनी लेखी मागितलं. तिथल्या बाकावर बसून दीड पान मराठीत लिहिलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, असोत.

पाचव्या आठवड्यात मुलगा घरी आला. मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांचं साहाय्य आहे, शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० पर्यंत असेल तर. तो अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिला तीन फेऱ्या पडल्या. मंजुरी अजून आलेली नाही.

परवा पाठपुराव्याचा कागद आला. पुन्हा शाळेचा रकाना. मी तो पर्समध्ये ठेवला आणि जुम्म्याला असरनंतर त्यांच्याकडे गेले. बाप जागा होता. पहिल्यांदाच बोलला माझ्याशी, बराच वेळ, पोराच्या गणिताबद्दल. मुलगा कोपऱ्यात कांड्या मोजत होता आणि मी बघितलं की मोजणं थांबवत होता. रकाना अजून कोराच आहे. यावेळी जागा पुरणार नाही, पुरवणी जोडावी लागेल.