सड्यावरची रेंज

आमच्या गावात रेंज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ पठारावर. खाली वाडीत ती यायची आणि 'हॅलो' म्हणेस्तोवर जायची. २०२०च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा आम्ही मुलं दप्तर पाठीला मारून सडा चढायचो, जांभ्यावर बसून तास ऐकायचो. पाऊस लागला की एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. फोन बाबांचा. ते कामावर गेले की तोही गेला. घरी असले तर आधी दादाचा तास, कारण त्याची बारावी. शेजारच्या मैत्रिणीच्या घरी साधा फोनच होता. माझ्या इअरफोनची एक बाजू तिच्या कानात असायची.

पुढे कायदा शिकायला कोल्हापुरात आले. वसतिगृहात संध्याकाळी फोन जमा करावा लागे. मुलांच्या वसतिगृहात मात्र असा नियम नव्हता. त्याच सुमाराला वर्गात फहीमा शिरीनचा खटला आला. ती केरळमधल्या कोझिकोडजवळच्या चेलन्नूरच्या महाविद्यालयातली बी.ए.ची विद्यार्थिनी. वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० फोन बंदी; तिनं ती मानली नाही, म्हणून तिला बाहेर काढलं. ती थेट उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ला न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला: इंटरनेट मिळणं हा अनुच्छेद २१मधल्या शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचाच भाग आहे. माझ्याहून थोडीच मोठी मुलगी! तो निकाल मी पुनःपुन्हा वाचला.

मग पत्रकार अनुराधा भसीन यांचा खटला. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९मध्ये इंटरनेट तोडलं गेलं. याच खटल्यात जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेमुदत बंदी चालणार नाही असं बजावलं, तरी फोरजी सगळीकडे परतलं ते फेब्रुवारी २०२१मध्ये. म्हणजे मी सड्यावर होते तेव्हा तिथली बहुतेक मुलं टूजीवर तास ऐकायला धडपडत होती. आमच्याकडे टॉवर नव्हता. त्यांच्याकडे तो असून वेग सरकारनं रोखला होता. याचा मला आजही संताप येतो.

सरकारला, महाविद्यालयाला कोर्टात खेचता येतं. पण 'आधी दादाचा तास' याविरुद्ध याचिका कुठे करायची? माझ्या प्रबंधाचा विषय तोच आहे. आता वाडीत टॉवर आलाय. या मे महिन्यात घरोघरी जाऊन बायकांना विचारणार आहे: सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करतं, आणि फोन तुमच्या हाती कधी येतो?