मोटारीचे ब्रेक आणि आप्तमंडळी

आप्तांमध्यें एखादा गृहस्थ एखाद्या विषयांत जाणता आहे अशी एकदां आवई उठली म्हणजे त्याला त्या विषयांतून निवृत्ति मिळत नाहीं. आम्हीं सारें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविलें. परंतु ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यांत आज कोणी आम्हांस समासाचा विग्रह विचारीत नाहीं. विचारतात तें मोटारीविषयीं, आणि त्यांतही ब्रेकविषयीं. याचें कारण इतकेंच कीं, वाहनाबरोबर मिळणारी पुस्तिका आम्ही सूत्रग्रंथासारखी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतों, आणि आमच्या कुळांत तसें करणारा दुसरा कोणी निपजलेला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांतली गोष्ट. डोंबिवलीचा आमचा भाचा आपल्या आईला, म्हणजे आमच्या थोरल्या ताईला, घेऊन लेण्याद्री व ओझर येथील गणपतींच्या दर्शनास जाणार होता. निघण्यापूर्वीं दोन दिवस त्याचा फोन आला. “मामा, ब्रेक दाबला कीं पुढच्या चाकांतून किंचाळल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, पॅड आणि डिस्क दोन्ही बदला. मित्र म्हणतो, पावसाचा आवाज आहे, कांहीं करूं नकोस. तुम्ही सांगा.”

वैद्य ज्याप्रमाणें लक्षणावरून रोग ओळखतो त्याप्रमाणें येथें आवाजावरून ओळखावें लागतें. पावसाळ्यांत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो व सकाळीं तो खरखरतो. चार-सहा वेळां ब्रेक लावला कीं तो घासून जातो. त्यावर पैसा खर्च करणें व्यर्थ होय. परंतु जो बारीक, कर्कश आवाज दिवसभर जात नाहीं त्याचें मूळ निराळें. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक लहानशी जीभ मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजत आला म्हणजे ती डिस्कला टेकून ओरडूं लागते. आणि लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा आवाज आला तर पॅड संपून त्याची पोलादी पाटीच डिस्क खात आहे असें समजावें. मग गाडी जेथें असेल तेथेंच ठेवावी.

भाच्यास आम्हीं गाडी घेऊन ठाण्यास बोलाविलें व ओळखीच्या मेकॅनिककडून चाक उतरविलें. नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला कीं पॅड बदलावा असा सामान्य नियम आहे. बाहेरचा पॅड नेमका त्या मर्यादेवर होता. आंतला मात्र त्याहूनही पुष्कळ पातळ झालेला. असें कां व्हावें? कॅलिपर ज्या खिळांवर मागेंपुढें सरकतो ते कोरडे पडून अडकले होते. ते साफ करून त्यांस योग्य तें ग्रीस लावल्यावांचून नुसते पॅड घातले असते तर वर्षभरांत पुन्हां तेंच रडगाणें! डिस्कच्या बाबतींत मात्र पहिल्या गॅरेजवाल्याची घाई आम्हांस पटली नाहीं. डिस्क किती पातळ झालेली चालते हा आंकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला असतो. मेकॅनिकनें मापून पाहिलें तों जाडी पुरेशी होती आणि खोल चरे नव्हते; ती तशीच ठेवली.

पॅड निवडतांना भाच्यानें खिशांतून एक खोकें काढलें. तें त्यानें घरबसल्या अर्ध्या किंमतींत मागविलें होतें. छपाई पुसट, मोटारीच्या मॉडेलचा उल्लेख संदिग्ध, उत्पादनाचा क्रमांक कोठेंच नाहीं. “हें परत कर,” आम्हीं म्हटलें. सेंद्रिय पॅड मऊ व शांत, पण लवकर झिजणारे. अर्धधातूचे उष्णता अधिक सोसतात, पण आवाज करतात. सिरॅमिकचे महाग, धूळ कमी करणारे. या तिहींच्या वादांत गृहस्थानें फार शिरूं नये. कारखान्यानें आपल्या मॉडेलसाठीं जो प्रकार ठरविला तोच, माहितीच्या दुकानांतून, पक्क्या पावतीवर घ्यावा. आणि पुढच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावतांच गाडी एका अंगास ओढली जाते.

या सर्व खटाटोपांत यात्रा एक आठवडा पुढें गेली व ताईचा रोष आमच्यावर ओढवला. “विघ्नहराकडे जायचें तर ब्रेकचें एवढें काय रे?” तिनें विचारलें. “ताई, विघ्नहराच्या दारीं आपण होऊन विघ्न घेऊन जाऊं नये,” असें आम्हीं म्हटलें. ती हंसली नाहीं.

परंतु कल्याणहून मुरबाड, टोकावडें ओलांडून माळशेज घाटानें जाणाऱ्यास ब्रेकची खरी कसोटी परततांना, उतारावर लागते. ताशीं ४० किलोमीटरच्या वेगापेक्षां ८० च्या वेगांत चौपट ऊर्जा असते, आणि ती सर्व पॅडांनीं उष्णतेच्या रूपानें गिळावयाची. कठोपनिषदांत शरीराला रथ, बुद्धीला सारथि व मनाला लगाम म्हटलें आहे; घाटांत मात्र लगाम सारखा ओढून धरणारा सारथि शहाणा नव्हे. ज्या गिअरांत चढ चढला त्याच्याच आसपासच्या गिअरांत उतरावें, इंजिनास रोध करूं द्यावा, ब्रेक थोडा व मधूनमधून. ब्रेक ऑइल हवेंतील पाणी शोषतें. जुनें तेल तापून उकळलें कीं पेडल एकाएकीं पोकळ लागतें. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें.

कल्याणचे आमचे जावई यांस मात्र इतक्या स्पष्टपणें सांगतां येत नाहीं. भाच्यास दटावतां येतें. जावयांस सुचवावें लागतें. दुर्मिळ परदेशी बनावटीची एक जुनी मोटार घेण्याचा त्यांचा मानस दिसला, तेव्हां आम्हीं चहाच्या वेळीं सहज म्हणून डोंबिवलीजवळच्या कारखान्याचा विषय काढला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागी करून तेथें ‘३०९’ ही गाडी काढली. गाडी चांगली होती. पण १९९७ सालीं प्यूजो निघून गेली आणि सुट्या भागांसाठीं मालकांची वणवण सुरू झाली. उलट त्याच प्रीमियरची साधीसुधी पद्मिनी, चारही चाकांस जुने ड्रम ब्रेक असलेली, मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धांवली, कारण तिचा सुटा भाग नाक्यानाक्यावर मिळे. जावई कांहीं बोलले नाहींत; परंतु तो विषय त्यांनीं पुन्हां काढलेला नाहीं.

नवे पॅड डिस्कशीं जुळून येण्यास पहिले दोन-तीनशें किलोमीटर जोराचा ब्रेक टाळावा लागतो. कल्याण-शीळ रस्त्याच्या गर्दींत गाडीला वेगच येत नसल्यामुळें हें व्रत भाच्याकडून अनायासें पार पडलें. पुढच्या रविवारीं ते निघाले. संध्याकाळीं टोकावड्याहून त्याचा फोन आला, “मामा, घाट उतरलों. धुकें पुष्कळ होतें, दुसऱ्या गिअरवर आलों. आई चहा पीत आहे, आणि तुमच्यासाठीं प्रसाद वेगळा बांधून ठेवला आहे म्हणते.”