जाळी कुठे बारीक करायची?

अख्खा समुद्र कॉम्प्युटरमध्ये मावत नाही, म्हणून आम्ही त्याचे चौकोन करतो. प्रत्येक चौकोनात तीन आकडे असतात: पाण्याची खोली आणि दोन दिशांना पाणी किती वाहतंय ते. शेजारून किती आलं, किती गेलं, याचा हिशोब टप्प्याटप्प्याने मांडत जायचा. मी त्सुनामीची सिम्युलेशन्स करते, आणि ती मुळात एवढीच असतात. गोची एकाच ठिकाणी आहे: चौकोन केवढा ठेवायचा?

अरबी समुद्र घ्या. क्षेत्रफळ सुमारे 38 लाख चौरस किलोमीटर. बाजू 10 किलोमीटरची ठेवली तर 38 हजार चौकोन होतात. लॅपटॉपला हे काहीच नाही. पण कोकणातली एखादी खाडी, तिच्यातली जेटी, होड्या, काठावरची घरं, सगळं एका चौकोनात गडप होतं. बरं, सगळीकडे 10 मीटरचे चौकोन केले तर ते होतात 3,800 कोटी. त्यात 1928 साली कूरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी मांडलेली अट आडवी येते. आम्ही वापरतो त्या पद्धतीत एका टप्प्यात लाट साधारण एका चौकोनापलीकडे जाता कामा नये, नाहीतर आकडे भडकतात. म्हणजे बाजू अर्धी केली की चौकोन चौपट, टप्पे दुप्पट आणि काम आठपट.

यावरचा तोडगा मार्शा बर्गर आणि जोसेफ ऑलिगर यांनी 1984 मध्ये मांडला. जिथे काही घडतंय तिथेच बारीक जाळी टाका. लाट सरकली की जाळीही तिच्यासोबत सरकवा, मागची काढून घ्या. बारीक जाळीला छोटे टप्पे, ढोबळ जाळीला मोठे. लाटेभोवती थोडी जास्तीची पट्टी ठेवा, म्हणजे पुढच्या तपासणीआधी ती जाळीबाहेर निसटणार नाही. मी वापरते तो जिओक्लॉ हा खुला प्रोग्रॅम याच पद्धतीवर चालतो. बर्गर त्याच्याही निर्मात्यांपैकी एक आहेत.

पण ‘काही घडतंय’ हे ठरवायचं कसं? पाण्याचा उतार जिथे तीव्र, तिथे बारीक करा, असं पटकन सुचतं. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी भूकंपानंतर सुमारे 2 तासांनी जेसन-1 हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला. त्याने मोजलेली लाट साधारण 60 सेंटीमीटर उंच होती आणि शेकडो किलोमीटर पसरलेली होती. तिला उतार असा नव्हताच. उतार शोधणारी जाळी तिला शांत पाणी समजली असती. म्हणून आम्ही पाणी नेहमीच्या पातळीपासून किती हललंय ते बघतो.

किनाऱ्याजवळ मात्र तेवढ्याने भागत नाही. 3 किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी 600 किलोमीटरने धावते, 10 मीटर खोलीवर ती ताशी 36 वर येते. मागचं पाणी पुढच्यावर चढतं, लाट आखडते, उंच होते. तिथे जाळी खूप बारीक लागते, आणि किनाऱ्याचा कोणता तुकडा तेवढा बारीक हवा ते माणूस सांगतो. सेटिंगच्या फाइलमध्ये चार आकडे लिहायचे: दोन अक्षांश, दोन रेखांश.

हे चार आकडे लिहिताना माझा हात थांबतो. नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. तसाच भूकंप मी आज मांडला, तर बारीक चौकट अर्थातच मुंबईवर टाकते. तिथे माणसं जास्त, बंदर मोठं, आणि समुद्रतळाच्या खोलीचे बारीक नकाशेही आहेत. माझ्या मावशीचं घर दक्षिणेकडे एका खाडीवर आहे. तिथल्या खोलीचे आकडे माझ्याकडे तितके बारीक नाहीत, आणि खालची खोलीच ढोबळ असेल तर वर 10 मीटरची जाळी टाकून काय उपयोग? मग खाडी ढोबळ चौकोनात राहते. नकाशावर तिथे फिकट निळा रंग येतो. तो ‘धोका कमी’ असाही वाचता येतो आणि ‘इथे नीट बघितलं नाही’ असाही. रंग दोन्हीचा एकच.

सगळीकडे बारीक बघणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. हे तंत्र त्यासाठीच तर आहे. जाळी आपोआप बारीक होते, पण कशासाठी आणि कुठवर, हे आधी कुणीतरी लिहिलेलं असतं. म्हणून आता मी निकालाच्या नकाशाशेजारी दुसरा नकाशा जोडते, फक्त जाळीचा: कुठे 10 मीटर, कुठे 10 किलोमीटर. तो दिसायला कंटाळवाणा असतो. पण उद्या लाल-निळ्या लाटांचा एखादा नकाशा तुमच्या फोनवर आला आणि त्यात तुमचं गाव निळं दिसलं, तर आधी हा दुसरा नकाशा मागा.