कोणते वानखडे?

केशव मेश्रामांचं ‘हकीकत आणि जटायू’ मी पहिल्यांदा वाचलं ते अकोल्यात, अकरावीला असताना. मराठीचे सर सांगत, हा माणूस आपल्या अकोल्यात जन्मला, 1937 साली. मोलमजुरी करत शिकला, मुंबईला रेल्वेत नोकरी केली, पुढं प्राध्यापक झाला. पुस्तक 1972 सालचं, दया पवारांचं ‘बलुतं’ यायच्या सहा वर्षं आधीचं. शिकलेला दलित तरुण आणि त्याच्या वाट्याला येणारं जग, हा त्याचा विषय. मी ते एका बैठकीत संपवलं आणि एवढंच घेतलं, की शहर गाठलं की माणूस सुटतो.

आमचं गाव मूर्तिजापूरकडचं. तिथं जात कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊकच असते. शहरात ती विचारावी लागते, हे मला बी.ए.साठी अमरावतीला आल्यावर कळलं. त्यात आमचं आडनाव वानखडे. वऱ्हाडात वानखडे कुणब्यात आहेत, बौद्धांत आहेत. इंगळ्यांचंही तसंच. नुसत्या नावावरून उलगडा होत नाही, म्हणून चौकशी लांबते.

एका घरी मावशींनी ओसरीत बसवलं, पाणी दिलं. दाराला ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती.

“कोन्ते वानखडे तुमी?”

“मूर्तिजापूरकडचे.”

“पावने कुठचे?”

मी मामाचं गाव सांगितलं. त्यावरून त्यांना काही लागलं नसावं.

“अन् घरी देव कोन्ता?”

मी म्हटलं, “बाबासाहेबांचा फोटो आहे. बुद्धाची मूर्ती आहे.”

त्या लगेच काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “पाहा बरं, इसरलीच मी. खोली तं भावाच्या पोरासाठी ठेवली आहे.” पाटी दिवाळीपर्यंत दारावर होती. आवाज कुठंही चढला नव्हता, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

आणि हे अमरावतीत! अंबादेवीचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1927 च्या नोव्हेंबरात याच शहरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सगळ्या जातींच्या पोरांनी एका छताखाली राहावं म्हणून. तो इतिहास मला परीक्षेपुरता पाठ होता. मला जागा मिळाली ती शेवटी समाजकल्याणच्या वसतिगृहात, आणि तिथं मेश्राम पुन्हा वाचले. आधी नायकाची घाई कळली होती, आता त्याची दमणूक कळू लागली.

तिथल्याच एका मित्रानं बाबुराव बागुलांचा 1963 चा कथासंग्रह हातात दिला, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. त्यातला निवेदक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून खोली मिळवतो, मान मिळवतो आणि उघडा पडल्यावर मार खातो. त्याच्याच बरोबर काम करणारा काशीनाथ मात्र आपली जात उघड सांगतो, त्यासाठी झगडतो. मी त्या दोघांमध्ये कुठं उभा आहे, हे बरीच वर्षं ठरत नव्हतं. ‘मूर्तिजापूरकडचे’ हे उत्तर खोटं नव्हतं, पण ते दिलं होतं ते वेळ काढायला.

2005 साली मेश्राम नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. वर्गात अभिमानानं सांगितलं, हे आपल्या अकोल्याचे. मधल्या सुट्टीत एक सहकारी जवळ येऊन हळूच म्हणाले, “मेश्राम म्हणजे तुमच्यातलेच ना?” मराठीतला एवढा मोठा मान मिळवलेल्या माणसाचीही आधी तीच चौकशी. त्या दिवशी मी त्यांना थेट उत्तर दिलं, “हो, आमच्यातले. तुम्ही त्यांचं काय वाचलंय?”

मागं माझ्या मुलीनं पुण्यात खोली शोधली. दलालानं आडनाव ऐकलं, गाव विचारलं. पुढचा प्रश्न त्याच्या तोंडून यायच्या आत तिनं सांगून टाकलं, “बौद्ध. डिपॉझिट किती?” त्यामुळं काही घरं हातची गेली. मी फोनवर म्हटलं, जरा सबुरीनं घ्यायचं. ती म्हणाली, “बाबा, कारण सांगायची वेळ त्यांच्यावर येऊ दे ना.”